बोटभर मास्तर

हेलिकॉप्टर उडवायला शिकवणाऱ्या त्या शाळेत त्यांना खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. ते बोटभर मास्तर. हे नाव कोणी ठेवलं ते सांगता येणार नाही, पण का ठेवलं ते प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी कळत असे.

शिकवायच्या हेलिकॉप्टरमध्ये सगळ्याच गोष्टींची जोडी असते. उजवीकडे विद्यार्थी बसतो, डावीकडे मास्तर. दोघांसमोर दिशा देणारा दांडा, दोघांच्या डाव्या हाताशी वर-खाली नेणारी लिव्हर आणि दोघांच्या पायांखाली पेडलं. एकाने हलवलं की दुसऱ्याचंही आपोआप हलतं. मग या घटकेला मशीन नक्की कोण चालवतंय, हे कळायचं कसं? त्यासाठी या धंद्यात एक जुनी रीत आहे. मास्तर म्हणतो, "कंट्रोल तुमच्याकडे." विद्यार्थी दांडा धरतो आणि म्हणतो, "कंट्रोल माझ्याकडे." मग मास्तर पुन्हा एकदा म्हणतो, "तुमच्याकडे," आणि त्यानंतरच हात सोडतो. नाटकात जसं एकाचं वाक्य संपल्याशिवाय दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही, तशातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की तिथे चुकलं तर प्रेक्षक हसतात.

बाकीचे मास्तर हात सोडले की मांडीवर ठेवत, खिडकीबाहेर बघत, एखादा तर चक्क नखं कुरतडत बसे. आपले मास्तर हात सोडत, पण बोटभरच. दांड्यापासून उजवा हात एक बोट दूर, लिव्हरपासून डावा हात एक बोट दूर, आणि नजर विद्यार्थ्याच्या मनगटावर. उंदराच्या बिळाशी मांजर बसावं तसे. सगळा तास तसेच. खाली उतरल्यावर विद्यार्थी दमलेला असे आणि मास्तरांचे खांदे त्याच्याहून जास्त दुखत असत.

हा स्वभाव त्यांनी आईच्या पोटातून आणलेला नव्हता. तरुणपणी ते शेतांवर औषध फवारायचं काम करत. एका सकाळी मदतनीस म्हणाला, "टाकी भरलीय साहेब, काढा." हसरा, गोड, सरळ मनाचा माणूस. मास्तरांनी मान डोलावली आणि हेलिकॉप्टर वर काढलं. सूर्यफुलांच्या शेतावर इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. माणूस आणि मशीन दोन्ही धड खाली आली, ती निव्वळ हाताच्या सवयीने. चहूकडे डोक्याएवढी सूर्यफुलं, मधे पिवळ्या पाकळ्यांनी भरलेलं हेलिकॉप्टर. शेताची मालकीण खुरपं घेऊन धावत आली आणि विचारती झाली, "काय पाहिजे?" मास्तर म्हणाले, "इंधन." ती म्हणाली, "मग पंपावर उतरायचं होतंत!"

हा किस्सा ते फार रंगवून सांगत, त्या बाईच्या आवाजासकट. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्या दिवसापासून त्यांनी कोणाच्या शब्दावर टाकी भरलेली मानली नाही. प्रत्येक उड्डाणाआधी स्वतः वर चढून टाकीत काठी बुडवायची, ओली किती झाली ते बघायचं, मगच पुढचं बोलणं. हळूहळू ही काठी आयुष्यातही बुडू लागली. दूधवाल्याचं माप, डॉक्टरची गोळी, शेजाऱ्याचं हसणं, सगळं काठी बुडवून. घरी पाण्याच्या टाकीसाठीसुद्धा एक वेगळी काठी होती.

आणि गंमत बघा, अशा माणसाची बायको किल्ल्या बनवणारी! घराखालीच तिचं दुकान. किल्ली कापायचं यंत्र, भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, पितळेचा बारीक भुगा आणि तिचा मोठा आवाज. साऱ्या गल्लीची कुलपं तिच्या हाताखालून गेलेली. मास्तर मात्र झोपण्याआधी दाराचं कुलूप ओढून बघत, जिन्यावरून परत येऊन पुन्हा ओढत.

"अहो, ते कुलूप मी बसवलंय," ती म्हणे.

"म्हणून तर एकदाच बघतोय."

"दोनदा बघितलंत."

"दुसऱ्यांदा मी पहिल्यांदा बघितलं की नाही ते बघितलं."

तर अशा माणसाच्या मनात त्या वर्षी पाल चुकचुकली.

निमित्त अगदी साधं. शाळेची मालकीण एकेकाळी त्यांचीच विद्यार्थिनी. चणीने लहान, पण बोलणं करारी. जुना मालक गेल्यावर तिने शाळा विकत घेतली, छताला रंग दिला, खुर्च्या बदलल्या आणि मास्तरांना होतं तिथेच ठेवलं. चारचौघांत मास्तर तिला "बाई" म्हणत, एकांतात "अगं". एका दुपारी ती हँगरच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "मास्तर, खालच्या वर्गाला एक चांगला माणूस हवाय. हवामान, नकाशे, नियम शिकवायला. आपण एकदा निवांत बोलू."

तेवढं बोलून ती गेली. मास्तर तिथेच उभे. खालचा वर्ग म्हणजे फळा, खडू आणि खुर्ची. निवांत म्हणजे काय? कामाच्या गोष्टी लोक घाईत बोलतात. निवांत बोलतात ते निरोपाचं. त्यांनी डावा हात खिशात घातला. तो हात काही महिन्यांपासून बारीक थरथरत होता. हवेत गेला की शहाण्यासारखा वागे, जमिनीवर आला की पिंपळाचं पान. डॉक्टर म्हणाला होता, काळजीचं काही नाही, उडायला हरकत नाही. पण डॉक्टरच्या बोलण्यात मास्तरांनी काठी बुडवलीच होती, आणि ती पुरती ओली झाली नव्हती.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. आपला हात बघायला कोणीतरी येणार, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. आणि त्याच आठवड्यात ती आली.

वय चाळिशीच्या आसपास. केस बारीक कापलेले, बोलणं कमी, पायात पातळ तळाचे बूट. मालकीणबाईंनी ओळख करून दिली, "नवीन विद्यार्थिनी. पहिल्यापासून शिकायचंय. तुमच्याकडे देतेय." सांगताना तिने मास्तरांच्या डोळ्यांत बघितलं नाही. मास्तरांनी नव्या बाईला मनातल्या मनात नाव ठेवून टाकलं, साळसूद.

पहिल्याच दिवशी मैदानावर एक मशीन नुकतंच उतरलं होतं आणि पंखा फिरत होता. नवखा माणूस अशा वेळी वर पंख्याकडे बघतो, डोकं खाली घालतो आणि नेमका नको त्या बाजूने धावतो. साळसूद पंख्याकडे बघतच नव्हती. तिने आतल्या पायलटच्या तोंडाकडे बघितलं, त्याने मान हलवेपर्यंत थांबली आणि मग समोरच्या बाजूने, वाकून, संथपणे चालत गेली. कोणी न सांगता.

"कुठे शिकलात हे?" मास्तरांनी विचारलं.

"पुस्तकात वाचलं."

पुस्तकात! मास्तरांनी "हं" केलं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मग हवेत. एका जागी तरंगत राहणं हे हेलिकॉप्टरमधलं सगळ्यात अवघड काम. नवशिका सुरुवातीला असा झोकांड्या खातो, की खालच्या गवताला घेरी यावी. साळसूदही झोकांड्या खात होती. दांडा इकडे, मशीन तिकडे, घाम, दातांखाली ओठ. सगळं जसं असावं तसं. पण मास्तरांची नजर एकदम तिच्या पायांकडे गेली. लिव्हर वर ओढली की मशीनचं नाक उजवीकडे पळतं आणि ते आवरायला डावं पेडल दाबावं लागतं. नवशिक्याचा पाय नाक पळाल्यावर हलतो. या बाईचा पाय हात हलायच्या आधीच हलत होता. हात अडाणी आणि पाय पदवीधर!

रंगभूमीवर नवखा नट दारुड्याचं सोंग काढतो तेव्हा तो झुलतो, अडखळतो, जीभ लोळवतो. खरा दारुडा मात्र सरळ चालायचा जीव तोडून प्रयत्न करत असतो. मास्तरांनी नाटकं पुष्कळ बघितली होती. त्यांच्या मनाने निकाल दिला, हे सोंग आहे. चेहऱ्याला आणि हातांना शिकवता आलं, पायांना शिकवायचं राहिलं.

आणि ती बघत होती. हे तर फारच झालं. "कंट्रोल तुमच्याकडे," म्हटलं की ती म्हणे, "कंट्रोल माझ्याकडे. माझ्याकडे ना?" आणि लगेच तिची नजर मास्तरांच्या हातांवर. नीट, न लपवता. मग डाव्या हातावर जरा जास्तच. बाई बाहेर बघत नाही, समोरच्या काट्यांकडे बघत नाही, मास्तरांच्या हातांकडे बघते! बोटभर अंतरावरचा तो हात हवेत ठाम होता, पण तिची नजर पडली की मास्तरांना वाटे, आता थरथरेल.

त्यांनी मिस्त्रीला गाठलं. मिस्त्री म्हणजे मशीनांची देखभाल करणारा, मास्तरांचा जुना चहाचा सोबती.

"ही नवी बाई कोण रे?"

"विद्यार्थिनी," मिस्त्री मशीनखालूनच म्हणाला.

"ते मलाही दिसतं. आली कुठून?"

"मास्तर, मी नटबोल्टांचा माणूस. माणसांचे आटे मला कळत नाहीत."

"म्हणजे तुला माहीत आहे."

"मला काही माहीत नाही म्हटलं की माहीत आहे, माहीत आहे म्हटलं असतं तर काय म्हणाला असतात?"

"तेव्हा म्हणालो असतो, की तू लपवतोयस."

मिस्त्री हसला आणि पाना मागू लागला. पण त्याने विषय बदलला, हे मास्तरांनी टिपून ठेवलं. त्याच संध्याकाळी इंधनाच्या शेडमागे मालकीणबाई आणि साळसूद हळू आवाजात बोलताना दिसल्या. मास्तर कोपऱ्यावरून वळले आणि दोघी गप्प. मालकीणबाई आभाळाकडे बघत म्हणाली, "वारा पडला, नाही?" वारा चांगला सुटलेला होता.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळा खटला ऐकवला. ती कानशीने किल्लीचे दात घासत होती.

"म्हणजे ती हेर आहे?" ती म्हणाली.

"मालकिणीने पाठवलेली. शिकलेली पायलट आहे. विद्यार्थिनीच्या सोंगात माझी परीक्षा घेतेय. माझा हात बघायला येते रोज."

"तुमचा हात बघायला ती एवढं हेलिकॉप्टर उडवते? मी तर रोज फुकट बघते."

"थट्टा नको. मला वर्गात बसवायचा घाट आहे."

"सुतावरून स्वर्ग गाठलात. तिला सरळ विचारा."

"सरळ विचारलं तर सरळ उत्तर मिळतं का कधी?"

"अहो, तुम्ही कधी विचारून बघितलंय का?" असं म्हणून तिने यंत्र चालू केलं, म्हणजे पुढचं काही ऐकू येऊ नये.

मास्तरांनी विचारलं नाही. खडा टाकून बघायचं ठरवलं. आणि इथे, माणूस कितीही आवडता असला तरी म्हणावं लागेल, की मास्तर चुकले.

लिव्हरच्या टोकाला मोटरसायकलसारखी मूठ असते. ती पिळली की इंजिनाचा जोर जातो आणि मशीनला वाटतं इंजिन मेलं. अशा वेळी लिव्हर तत्क्षणी खाली दाबायची असते. मग पंखा वाऱ्यावर फिरत राहतो आणि मशीन तरंगत उतरतं. दाबायला उशीर झाला तर पंखा मंदावतो, आणि मंदावलेला पंखा पुन्हा वेग घेत नाही. हा सराव सगळ्यांना करावा लागतो, पण आधी सांगून, मोजून, आणि पुष्कळ तास झाल्यावर. नवख्या विद्यार्थ्याला अचानक इंजिन तोडायचं नाही, हा त्या शाळेचा नियम. तो नियम मास्तरांनीच पूर्वी घालून दिलेला. पण त्यांचा हिशेब वेगळा होता. ही खरंच नवखी असेल तर गोंधळेल, मी बोटभर अंतरावर आहेच. पायलट असेल तर हात आपोआप खाली जाईल, आणि सोंग उघडं पडेल.

स्वच्छ सकाळ होती. खाली सरावाचं मोकळं मैदान, उंची भरपूर. साळसूद सरळ चालवत होती, जरा बरी चालवत होती. मास्तरांनी श्वास घेतला आणि मूठ पिळली.

इंजिनाचा आवाज बसला. नाक डावीकडे वळलं. आणि तिचा डावा हात खाली गेला! वीज पडावी तसा, अचूक, शिकलेला हात. मास्तरांच्या मनात "सापडली!" एवढं उमटतंय न उमटतंय, तोच तो हात अर्ध्या वाटेत थांबला, आणि दोन्ही हात चटका बसल्यासारखे वर उडाले. तिने ते छातीशी घट्ट धरले आणि ओरडली, "कुणाकडे? कुणाकडे आहे? कंट्रोल कुणाकडे?"

"माझ्याकडे!" मास्तर म्हणाले. लिव्हर तोवर त्यांच्या हाताखाली गेली होती. मशीन तरंगत खाली निघालं, गवत वर येऊ लागलं, त्यांनी नाक उचललं, इंजिनाला जोर दिला आणि फुलावर बसावं तसं मैदानावर टेकवलं. उतरणं इतकं सुरेख, की बघणाऱ्याने टाळ्या वाजवाव्यात. टाळी कोणी वाजवली नाही. बाजूची बाई हात छातीशी धरून समोर बघत होती. तिचे हात थरथरत होते, मास्तरांच्या हातापेक्षा कितीतरी जास्त. आणि ते सोंग नव्हतं. इतकं चांगलं सोंग कोणालाच येत नाही.

कचेरीच्या गच्चीतून मालकीणबाईंनी सगळं बघितलं होतं.

"बसा," मास्तर कचेरीत येताच ती म्हणाली. मास्तर बसले. साळसूद आधीच कोपऱ्यातल्या खुर्चीत होती, हातात पाण्याचा पेला. "न सांगता इंजिन तोडलंत? तुम्ही? दुसऱ्या कोणी तोडलं असतं तर तुम्ही त्याला दाराबाहेर काढलं असतंत."

"ती नवखी नाही."

"नाहीच आहे."

मास्तरांनी एवढ्या झटपट कबुलीची तयारी केली नव्हती. "म्हणजे तूच पाठवलीस. माझ्यावर नजर ठेवायला."

मालकीणबाईंनी मग कपाळावर हात मारून घेतला. "नजर ठेवायला? मास्तर, मला तुमच्यावर नजर ठेवायची असती तर मी गच्चीत खुर्ची टाकून बसले असते. पैसे देऊन माणूस कशाला पाठवीन?"

मग कोपऱ्यातून आवाज आला. हळू, पण स्वच्छ. "मी सांगते त्यांना."

तिने सांगितलं. पुष्कळ वर्षं उडवत होती. सोबत एक पायलट असे, तिचा जुना मित्र. एकदा परतीच्या वाटेवर दोघं गप्पा मारत कंट्रोल इकडून तिकडे देत होते. रीत त्यांना तोंडपाठ होती, म्हणूनच कंटाळवाणी झाली होती. नुसती मान हलवायची, एखादा शब्द बोलायचा, झालं. नेमकं त्या वेळी इंजिन गेलं. तिला वाटलं मशीन त्याच्याकडे आहे. त्याला वाटलं तिच्याकडे. दोघांचे हात मांडीवर. लिव्हर खाली गेली, पण उशिरा.

"तो आता खुर्चीतून फिरतो," ती म्हणाली. "चाकांच्या. मला काही झालं नाही. पाय काहीच विसरले नाहीत, हात मात्र ऐन वेळी धरतच नाहीत. कोणाला कळलं की मी पायलट होते, तर लोक जपून शिकवतात. मला जपून नको होतं. म्हणून मीच यांना सांगितलं, कोणाला कळू देऊ नका."

"आणि तुमच्याकडे का दिली," मालकीणबाई म्हणाली, "तर जिचा स्वतःच्या हातांवर विश्वास उरला नाही, तिला असा माणूस हवा होता ज्याचा कोणाच्याच हातांवर नाही. म्हटलं, तिथे तरी तिला एकटं वाटणार नाही."

कोणीच हसलं नाही, पण मिस्त्री दाराबाहेर उभा होता हे त्याच्या नाक ओढण्यावरून कळलं.

"मग माझे हात काय बघत होतात रोज?" मास्तरांनी विचारलं. आवाज उतरला होता.

"दांड्यावर आहेत की नाहीत, ते. आणि कळत नव्हतं, मास्तर. तुमचे हात इतके जवळ असतात, की मशीन मी चालवतेय की तुम्ही, ते मला एकदाही कळलं नाही."

मास्तरांना आठवलं. किती विद्यार्थी त्या बोटभर अंतरातून शिकून गेले. सगळे त्यांच्यासोबत उत्तम उडवत आणि एकट्याने उडायची वेळ आली की बिचकत. "माझी पोरं जपून असतात," असं मास्तर अभिमानाने सांगत.

मालकीणबाईंनी निर्णय दिला, तोही निवांत नव्हे. "माझ्या हातात आता काही नाही. या पुन्हा तुमच्याबरोबर बसायला तयार असतील, तर तुम्ही वर. नसतील, तर खालचा वर्ग तुमचा. खडू कपाटात आहेत."

साळसूद पेला ठेवून उठून गेली.

दुकानात त्या दिवशी मास्तर स्टुलावर बसले आणि सगळं सांगून टाकलं, स्वतःच्या चुकीसकट. बायकोने यंत्र चालू केलं नाही. शेवटी म्हणाली, "तर ती पायलटच निघाली."

"हो."

"म्हणजे तुमचा संशय खरा ठरला."

"अगदी."

"अहो, खरा संशयही एवढा नुकसानीचा असतो, तर खोट्याचं काय!" आणि मग, बरीच मऊ होऊन, "आता खाली बसून शिकवावं लागलं तर?"

"शिकवीन. पण खालून वर बघताना मान दुखेल."

आणि खरोखर ते वर्गात गेले. वारा, ढग, नकाशे. खडू डाव्या हातात धरला की फळ्यावरच्या ढगांना आपोआप नागमोडी कडा येई. विद्यार्थी म्हणत, किती हुबेहूब काढतात मास्तर! मैदानावर पंखे फिरले की त्यांचं वाक्य मधेच तुटे. कोणाचं मशीन उठलं, ते आवाजावरून कळे. उठणं जरा रांगडं झालं की त्यांचा डावा पाय फळ्यासमोर आपोआप पुढे सरके.

एका सकाळी वर्ग सुटला तेव्हा ती दारात उभी होती.

"मास्तर, एक अट आहे."

"बोला."

"परत तसंच करायचं. न सांगता. मी तयारीत नसताना."

मास्तर सावध झाले. सवयच ती. "का?"

"कारण सांगून केलं तर मला जमतं, ते मला माहीत आहे. मला माहीत नाही ते दुसरं आहे. आणि हात बोटभर अंतरावर नकोत."

"मग कुठे?"

तिने हाताचा पंजा ताणून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत दाखवलं. "वीतभर. मला मधे उजेड दिसला पाहिजे."

वीतभर! ऐकायला किती छोटं. पण ज्याने सारं आयुष्य बोटावर काढलं, त्याला वीत म्हणजे दरी. बोटभर अंतरावरून हात पोचतो तो विचाराच्या आधी. वीतभर अंतरावरून पोचायला विचार करावा लागतो, आणि तोवर समोरच्याने काहीतरी करून ठेवलेलं असतं. मास्तरांनी खडू ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, "मालकीणबाईंना विचारून येतो. या वेळी विचारून."

मालकीणबाईंनी विचारलं, "दोघं शुद्धीत आहात?" आणि मग हो म्हटलं. एवढंच बजावलं, की उंची नेहमीपेक्षा जास्त ठेवा आणि मैदान रिकामं करून घ्या.

वर गेल्यावर मास्तर म्हणाले, "कंट्रोल तुमच्याकडे."

"कंट्रोल माझ्याकडे."

"तुमच्याकडे." आणि त्यांनी हात मागे घेतले. एक बोट. दोन बोटं. त्याच्याही पुढे. दोन्ही हात हवेत बेवारशी लटकले. मधे उजेड होता. तिने एकदाच खाली बघितलं आणि पुन्हा समोर.

तिने मैदानाला फेरी मारली, मग दुसरी. झोकांड्या कमी झाल्या होत्या, पण होत्या. मास्तरांच्या मनात जुना मदतनीस गोड हसून म्हणत होता, टाकी भरलीय साहेब. ते स्वतःशीच म्हणाले, आज नको, पुढच्या वेळी. मग त्यांना कळलं, की पुढच्या वेळी ते हेच म्हणतील. तिची मान जराशी वळली, खालच्या झाडांकडे, आणि मास्तरांनी हात पुढे केला, मूठ पिळली, हात मागे घेतला. वीतभर.

आवाज बसला. तिचे खांदे वर गेले. डावा हात हलला आणि अर्ध्या वाटेत अडखळला, तिथेच, पूर्वीच्याच जागी. मास्तरांचा हात उडाला. आपला आपण उडाला, तोंडात "माझ्याकडे" हा शब्द तयार. आणि मधल्या उजेडात थांबला. मास्तरांनी थांबवला. सूर्यफुलांनंतर त्यांनी केलेली सगळ्यात अवघड गोष्ट ती.

"माझ्याकडे!" ती ओरडली. "माझ्याकडे आहे!" आणि लिव्हर खाली गेली.

ती उतरत राहिली, बडबडत, "माझ्याकडे, माझ्याकडे," असं स्वतःलाच बजावत. नाक जरा उशिरा उचललं, इंजिनाचा जोर जरा घाईने दिला, आणि टेकताना मशीन असं आदळलं, की मास्तरांचे दात वाजले. सुरेख अजिबात नव्हतं. पण सगळं तिचं होतं.

पंखा थांबला. मग मास्तरांचा डावा हात, आता जमिनीवर आल्यामुळे, निवांत थरथरू लागला. खिशात घालायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

"हा जमिनीवर असाच असतो ना?" तिने विचारलं.

"जमिनीवरच."

"माझ्या पहिल्या दिवशीच लक्षात आलं होतं."

"म्हणजे बघत होतातच!" मास्तर एवढ्या जोराने म्हणाले, की मैदानापलीकडे मिस्त्रीने मान वर केली. "मी म्हणत होतो! बायकोला म्हणत होतो, मिस्त्रीला म्हणत होतो!" त्या विजयाने त्यांचा चेहरा असा उजळला, की साळसूद हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि त्यातलं सगळंच हसण्याचं नव्हतं.

दुसऱ्या फेरीसाठी मिस्त्रीने इंधन भरलं आणि हाक दिली, "मास्तर, टाकी भरलीय!" मास्तर नेहमीसारखे वर चढले, काठी बुडवली, बघितली, पुसली. खाली उतरून म्हणाले, "भरलीय."

साळसूदने त्यांच्या हातातून काठी घेतली, पायरीवर चढली आणि स्वतः बुडवून बघू लागली.

मास्तर खाली उभे राहून बघत होते. मिस्त्री कुजबुजला, "राग आला का?"

"गप्प बस," मास्तर म्हणाले. "तिला नीट बघू दे."